लघवीची सुट्टी

सर पेपर मागच्या पानापासून वाचायचे. आधी शब्दकोडं, मग क्रिकेट, मग बाजारभाव, असे उलटे उलटे पुढे येत आणि पहिलं पान आलं की ते न वाचताच घडी घालून पेपर आपांकडे सरकवत. आपा म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडातल्या पेपरांच्या पहिल्या पानावर रोज कुठल्यातरी गावचं कुणीतरी असायचंच, विष घेतलेलं नाहीतर फास घेतलेलं. मी एकदा विचारलं, सर, पहिलं पान का नाही वाचत? तर म्हणाले, "त्यात साध्य तेवढं देतात. पक्ष कोनी देत नाही. काय करू वाचून?"

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. भूमितीच्या वहीत प्रमेय लिहिताना आधी 'पक्ष' लिहायचा, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते. मग 'साध्य', म्हणजे जे दाखवायचं आहे ते. मग सिद्धता. सर अकोल्याच्या एका मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले होते. घरात उर्दू, बाहेर आणि माझ्यासमोर आमची वऱ्हाडी, आणि दोन्हींत हे पक्ष-साध्य. भाजीवाली म्हणाली की वांगी ताजी आहेत, तर हे म्हणणार, "पक्ष?" ती म्हणायची, "पक्षबिक्ष मले नाही समजत मास्तर, देठ पाहा ना." मग सर देठ बघून म्हणायचे, "देठ हिरवा. झाला ना पक्ष. उगाच मले येडं समजते."

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. खोली देण्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न कधी करणार ते विचारलं नाही. "कोनावर हात उचलता का?" एवढंच. मी म्हणालो, नाही. ते खरंच होतं. हात मी कधी उचलला नव्हता. माझ्या आधीच्या भाडेकऱ्यानं पाढे चुकले म्हणून पोराच्या थोबाडीत मारली, तर सरांनी त्याची वळकटी स्वतः खाली आणून ओट्यावर ठेवली होती. गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. सरांनी इतकी वर्षं शाळेत काढली, पण छडीला हात लावला नाही, हीही माहीत होती. खरं तर ती ते स्वतःच सांगायचे. त्यांना दुसऱ्या कशाचा अभिमान असलेला मला आठवत नाही.

शाळेबद्दल बोलायला बसले की ते पोरांच्या बुद्धीबद्दल बोलत नसत, लघवीच्या सुट्टीबद्दल बोलत. मोठी सुट्टी, रविवारची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, या सगळ्या सुट्ट्या म्हणे सरकारच्या. लघवीची सुट्टी एकटी पोराची स्वतःची. "त्याच्या अंगातून येते ते," म्हणायचे. "तिले कोन नाही म्हननार? हेडमास्तर?" या सुट्टीवरून त्यांचं दोन हेडमास्तरांशी पटलं नाही. त्यांच्या तासाला पोरगं करंगळी वर करायच्या आत 'जा' म्हणायचे. निम्मी पोरं बोरं खायला जायची हे त्यांना माहीत होतं. "जाऊ द्या," म्हणायचे. "निम्म्यायले तर खरंच लागलेली राहते ना?"

मी तेव्हा शहराबाहेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो. शेतातून आलेला कापूस हातात घ्यायचा, धाग्याची लांबी बघायची, ओल बघायची, डाग बघायचा आणि प्रत सांगायची. डागी, किडका कापूस म्हणजे कवडी. कवडी म्हटलं की गाडीवाल्याचा चेहरा पडायचा. मी तो चेहरा बघत नसे. बघितला तर काम होत नाही. असो. त्या हंगामात कापूसच इतका कमी आला की जिनिंग उन्हाळ्यात बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. मालकानं यंत्रं भंगारात काढली.

माझी पेटी तिथं राहिली होती. ती आणायला निघालो तर सर म्हणाले, मीही येतो, मले मोठा काटा पाहाचा आहे. काटा म्हणजे गाडी तोलायचा वजनकाटा. त्यांना वजनकाट्यांचं फार वेड. आम्ही पोचलो तेव्हा भंगारवाल्याची माणसं फाटकाजवळचा लोखंडी पिंजरा काट्यावर चढवत होती. पिंजऱ्यात जिनिंगचा राखणीचा कुत्रा होता. शेरू म्हणायचे त्याला. दिवसभर पिंजऱ्यात, रात्री आवारात मोकळा, अशी त्याची नोकरी. वयानं झालेला, तांबूस, एक कान चिरलेला.

सर पुढे झाले. "काहो, वजनात कुत्रंही धरून राहिले का?"

"काढतो ना साहेब. निंघूनच नाही राहिला तो."

"मंग पिंजऱ्याचं वजन कसं काढान?"

"कुत्र्याचं वजा करू ना."

"कुत्र्याचं वजन कुठं मोजलं तुमी?"

भंगारवाला काट्याकडं बघायला लागला. सर कमरेवर हात ठेवून उभे. अशा वेळी त्यांचा चेहरा इतका आनंदी असायचा की समोरच्याला राग यावा. पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी पेटी आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर पिंजरा कुत्र्यासकट हातगाडीवर चढला होता आणि सर हातगाडीच्या पुढं चालत होते. मला म्हणाले, "दोन अनोळखी संख्या होत्या. एक समीकरण होतं. सुटन कसं? म्हनून दोन्ही घेतल्या."

त्यांनी ते का केलं हे मला तेव्हाही कळलं नाही.

आपा दारातच उभ्या होत्या. सर घाबरायचे ते फक्त त्यांना. त्या त्यांना 'मास्टर' म्हणायच्या, तेही टोमणा मारल्यासारखं.

"मास्टर, हे काय आनलं? घरात कुत्रं असलं तर फरिश्ते येत नाही, माहीत हाय ना?"

"आपा, आंगन घरात मोजत नाही. घराची व्याख्या पाहा. ज्याले छत..."

"व्याख्या तुमच्या पोरायले सांगा. मले कापडं धुवा लागते."

शेवटी तह झाला. कुत्रा अंगणात, तोही पिंजऱ्यात. बाहेर काढायचा तर दोरीनं, गल्लीपलीकडच्या मोकळ्या मैदानात. अंगणात मोकळा सोडायचा नाही. आणि घाण आली तर रमजानचा चांद दिसायच्या आत तो घरातून जाईल. रमजान त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास होता, म्हणजे हातात पावसाळा होता. जाईल कुठं तेही आपांनी ठरवून टाकलं होतं. सेमाडोहला त्यांच्या ओळखीतल्या एकाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. त्याला राखणीला कुत्रं नेहमीच हवं असायचं, कारण त्याच्याकडं कुत्रं टिकत नसे. जंगलाच्या बाजूला बांधायचा, बिबट्या घेऊन जायचा. हे आपांनाही माहीत होतं आणि सरांनाही. म्हणून तर ती धमकी होती.

सरांनी त्याला शेरू म्हणायला नकार दिला. म्हणाले, हा वाघ आहे असं कोनी सिद्ध केलं? किंमत निघेपर्यंत हा क्ष. मैदानात ते मोठ्यानं "क्ष! क्ष!" करत फिरायचे आणि लोकांना वाटायचं मास्तर शिंकतात. कुत्र्यासाठी कपडे वेगळे. स्काउटची जुनी खाकी पॅन्ट आणि बाही फाटलेला सदरा. नमाजाच्या आधी ते उतरवून, हातपाय धुऊन, दुसरे घालायचे. दिवसातून इतक्या वेळा कपडे बदलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आपा म्हणायच्या, नवरदेव झाला वाटते मास्टर.

आणि क्ष रोज पिंजऱ्यात घाण करायचा.

सरांनी शाळेसारखं वेळापत्रक लावलं. पहाटेच्या नमाजानंतर बाहेर, जेवण झालं की बाहेर, दुपारी बाहेर, झोपायच्या आधी बाहेर. प्रत्येक वेळी अंगणातली जस्ताची बादली वाजवायचे, सुट्टीची बेल म्हणून. क्ष उठायचा, मुकाट दोरीनं चालायचा, मैदानात पोचला की वास घ्यायचा, एका जागी गोल फिरायचा, अंग चोरायचा, थरथरायचा. आणि करायचा नाही. सर उभे. क्ष उभा. गुडघे दुखायला लागले की सर परत निघायचे, आणि घराची गल्ली आली की क्ष दोरी ओढत पळत सुटायचा, पिंजऱ्यात शिरायचा आणि शिरल्या शिरल्या मोकळा व्हायचा. लगेच. सरांच्या डोळ्यांदेखत. मग कोपऱ्यात जाऊन बसायचा आणि बघायचा. चूक केल्यासारखा नाही. काम पार पाडून आल्यासारखा.

गुरांच्या डॉक्टरांनी तपासलं. पोटात जंत नाहीत, लघवीला आजार नाही. ते म्हणाले, कुत्रा जिथं झोपतो तिथं घाण करत नाही, जागा लहान करून पाहा. सरांनी फळ्या ठोकून पिंजरा अर्धा केला. क्ष अर्ध्या पिंजऱ्यात करून त्यातच अंग चोरून झोपला. खालचं पोतं काढलं, नुसत्या पत्र्यावर केलं. फिनाइलनं वास जात नाही, उलट त्याला खूण मिळते, असं कुणी सांगितलं म्हणून शिरक्यानं धुतलं. आपांच्या लोणच्याचा शिरका, त्यावरून वेगळं भांडण. खाण्याच्या वेळा बदलल्या. बाहेर केलं की द्यायला सर खिशात भाकरीचे तुकडे ठेवायचे, ते खिशातच वाळायचे. डॉक्टर शेवटी म्हणाले, "सर, सोडा. म्हाताऱ्या कुत्र्याची सवय आहे." सरांना 'सवय' हा शब्द आवडायचा नाही. म्हणाले, "सवय हे उत्तर नाही. हे गनिताचं नाव झालं."

आता सांगून टाकतो. कारण मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर मैदानात गेलो आणि क्ष गोल फिरून, अंग चोरून, माझ्याकडं बघायला लागला, तेव्हाच कळलं.

जिनिंगच्या आवारात सगळीकडं कापूस पडलेला असायचा. ढीगच ढीग. एका हंगामात ढिगाच्या पायथ्याशी पिवळे डाग निघाले. मालक माझ्यावर ओरडला, की तू डाग बघायला ठेवलेला माणूस आणि डाग आपल्याच आवारात. मी चौकीदाराला सांगितलं, कुत्रं बाहेर बसलं की तिथल्या तिथं ठोक. पिंजऱ्यात केलं तर करू दे, तिथं पानी मारता येते. चौकीदार सांगितलेलं करणारा माणूस होता. हंगामात मी पहाटे यायचो, तेव्हा शेरू मोकळाच असायचा. तो कुठं खाली बसताना दिसला की मी लांबून ओरडायचो, आणि चौकीदार काठी घेऊन धावायचा. आधी माझा आवाज, मग काठी. थोड्याच दिवसांत तो शिकला. लागली की आवारातल्या कुठल्या टोकाहून पळत पिंजऱ्यात जायचा, मोकळा व्हायचा आणि पुन्हा राखणीला यायचा. आम्ही हसायचो. चौकीदार म्हणायचा, साहेब, याले मानसापेक्षा जास्त समजते.

हे मी सरांना सांगितलं नाही.

का नाही, याचं सरळ उत्तर माझ्याकडं नाही. जिनिंग बंद, नवीन नोकरी मिळत नव्हती, खोली गेली असती तर गावाकडं जावं लागलं असतं, हे एक. पण ते सगळं नाही. सर मला चांगला माणूस समजायचे. संध्याकाळी ओट्यावर बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आमचे ग्रेडर, मुंगीलेही दुखवत नाहीत. मी तिथंच बसलेला असायचो. मला ते ऐकायला बरं वाटायचं. मग मी स्वतःशी म्हणायचो, मी कुठं मारलं? मी तर नुसता ओरडलो. मग म्हणायचो, सांगून काय होणार, कुत्र्याला थोडंच समजावता येतं. मग म्हणायचो, उद्या सांगू. असा पावसाळा गेला.

चांद दिसायच्या थोडे दिवस आधी आपांकडं चार बायका आल्या होत्या. सरांनी त्या दिवशी जिवाचं रान केलं. पिंजरा घासला, धुतला, वाळवला, ऊद जाळला. क्षला मैदानात नेलं आणि इतका वेळ थांबले की मला वरून दिसत होतं, ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत होते. परत आले. बायका ओट्यावर चहा पीत होत्या. क्षनं दोरी ओढली, पिंजऱ्यात शिरला आणि त्यांच्यासमोर मोकळा झाला. बायकांनी पदर नाकाला लावले. एक हसली.

आपा म्हणाल्या, "काहो मास्टर, तुमच्या शाळंतली पोरं बी असीच शिकली का?"

त्या गमतीनं म्हणाल्या. मी आजही शपथेवर सांगतो, गमतीनंच. सरांनी फळ्यांमधली उरलेली एक पट्टी उचलली आणि पिंजऱ्यात हात घालून क्षला मारलं. एकदाच. क्ष ओरडला नाही. तिथंच, स्वतःच्या घाणीत, पोट जमिनीला लावून सपाट झाला. जिनिंगमध्ये व्हायचा तसा.

सर पट्टीकडं बघत राहिले. मग ती त्यांनी इतक्या सावकाश खाली ठेवली, जणू ती कुणाची तरी होती. आत गेले. त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी आपा जिन्याशी येऊन मला म्हणाल्या, "तुमी बोला ना त्यायच्याशी. मी काय वाईट बोलली का? मी तर हसून बोलली." त्यांच्या हातात क्षचं भांडं होतं, त्यात रात्रीची भाकरी कुस्करून दूध घातलेलं. त्या रोज घालायच्या हे मला तेव्हा कळलं.

मी बोललो नाही. सरच मला म्हणाले, "उद्या परतवाड्याले नेऊ. तो सेमाडोहवाला स्टँडवर येनार आहे. तुमी चाला संगं. मले एकट्याले जमनार नाही."

पिंजरा जड होता, तो मागे राहिला. आम्ही पहाटे काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. क्ष मागच्या सीटखाली, सरांच्या पायांशी. अंजनगावला जीप थांबली तेव्हा सरांनी त्याला पाणी पाजलं. परतवाड्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. सेमाडोहवाला अजून आला नव्हता. आम्ही स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेतला. क्ष टेबलाखाली उभा. बसत नव्हता, नुसता थरथरत होता.

सर त्याच्याकडं बघत होते. चहा निवला.

"सकाळपासून याची सुट्टी झालीच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"जीपमधी नाही. अंजनगावले नाही. इथं नाही. पानी तर पेला."

"हो."

"म्हन्जे हा धरून राहू शकते. दिवसभर धरून राहू शकते." ते पुढं वाकले. कितीतरी दिवसांनी त्यांचा तो आनंदी, राग आणणारा चेहरा परत आला होता. "ग्रेडर, पाहा. याले पिंजऱ्यात धरता येत नाही असं आपन समजून राहिलो होतो. तसं नाही. याले पिंजऱ्याबाहेर करता येत नाही. आपन साध्यच उलटं लिहिलं. बरं, मंग हे असं काहून?" आणि माझ्याकडं वळून अगदी साधेपणानं म्हणाले, "तुमी तर तिथंच होते. जिनिंगमधी रात्री मोकळा राहे, तवा हा कुठं जाये?"

आता थेट प्रश्न होता. खोटं बोलायला लागलं असतं. आजवर मला नुसतं गप्प राहायला लागत होतं.

"पिंजऱ्यात जायचा, सर."

"मोकळा असून?"

"हो."

"काहून?"

"बाहेर केलं की मार बसायचा. कापूस डागाळायचा म्हणून."

"कोन मारे?"

"चौकीदार."

"कोनाच्या सांगन्यावरून?"

मी म्हणालो, माझ्या.

हॉटेलवाला गल्ल्यावर पैसे मोजत होता. सरांनी चहाचा कप बशीवर नीट मधोमध ठेवला.

"मंग हा नापास नव्हताच," ते म्हणाले. "याले जे शिकवलं ते याले पूर्न येते." मग म्हणाले, "बाहेर केलं म्हनून तुमी मारलं. आत केलं म्हनून मी मारलं. यानं काय समजावं?"

"सर, मी आधीच सांगायला पाहिजे होतं."

"ते राहू द्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. काय होतं ते मला ओळखता आलं नाही, आणि तेच मला आजवर छळतं.

तेवढ्यात सेमाडोहवाला आला. "चाला ना मास्टर, जीप भरली ना बाप्पा. हाच का? म्हातारा दिसते."

"चहा घ्या," सर म्हणाले.

"झाला चहा."

"दुसरा घ्या. जीपवाला ओळखीचा आहे ना तुमच्या? थांबन तो." मग दोरी टेबलाखालून काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "याले नदीकडं घेऊन जा. बाहेर केलं तर हा घरी येते. आपाले मी सांगतो. नाही केलं तर यायच्या जीपमधी."

"सर, तुम्ही न्या. तो माझ्यासमोर नाही करणार."

"मनाई तुमची आहे," सर म्हणाले. "मी उठवून काय फायदा? अन् केलं की लगेच शाबास म्हना. उशीर करू नका, नाहीतर त्याले समजत नाही कशाले म्हटलं ते."

यानंतर मी त्यांच्याकडं बरीच वर्षं राहिलो. त्यांनी खोली सोडा म्हटलं नाही. मी चांगला माणूस आहे असं ओट्यावर पुन्हा कुणाला सांगितलंही नाही. जिनिंगचा विषय काढला नाही. काही दिवस मला वाटायचं, त्यांनी मनातून काढून टाकलं. काही दिवस वाटायचं, ते वाट बघताहेत. एकदा मी न राहवून विचारलं, सर, तुम्ही माझ्यावर नाराज आहात का? ते शब्दकोडं सोडवत होते. म्हणाले, "उभा शब्द, चार अक्षरी, शेवटी र. सांगा." मी सांगू शकलो नाही. आता ते नाहीत, आपा नाहीत, विचारायला कुणी उरलेलं नाही. नदीवर काय झालं तेही त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. 'झालं' एवढंच म्हणालो होतो. ते असं झालं.

पाऊस ओसरला होता. नदीला पाणी होतं, पण काठाची वाळू उघडी पडली होती, ओलसर. पलीकडं कुणी म्हशी धूत होतं. क्ष वाळूत उतरला, वास घेतला, गोल फिरला आणि माझ्याकडं बघून थांबला. मी दोरी सैल सोडली. तो नाही. मी बाजूला बघितलं. तो नाही. स्टँडवरून हॉर्न ऐकू यायला लागले. कुठल्या जीपचे ते कळत नव्हतं. मी त्याला म्हणालो, "कर." म्हणजे मला हळू म्हणायचं होतं, पण आवाज मोठा निघाला. क्ष वाळूवर सपाट झाला. पोट टेकून, कान मागे घेऊन, काठीची वाट बघत. भोवती काठी नव्हती, चौकीदार नव्हता, कापूस नव्हता. फक्त मी होतो.

किती वेळ गेला माहीत नाही. तो उठला. त्याचे मागचे पाय लटपटत होते. त्याला आता धरवत नव्हतं. त्यानं एकदा मागं वळून बघितलं, पिंजरा शोधावा तसं. मग माझ्यावरची नजर न काढता थोडासा खाली बसला. सुरुवात झाली.

मी म्हणालो, "शाबास."

तो दचकून उठला. झालेलं थांबलं. शाबास की हट, त्याला काय माहीत? त्याला फक्त आवाज माहीत होता.

मला काय करावं ते सुचेना. सरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढं करून झालं होतं आणि ते चुकलं होतं. तिकडं हॉर्न वाजतच होता. शेवटी मी दोरी टाकून दिली. पळून जायचं असेल तर जाईल, असंही वाटलं, गेला तर सुटेन असंही वाटलं. मी त्याच्याकडं पाठ केली आणि पलीकडच्या काठावरच्या म्हशींकडं बघत उभा राहिलो. तोंड बंद ठेवून. मागं काही आवाज नव्हता. त्यानं मला माफ केलं, की त्याला नुसती लागली होती, हे मला अजूनही सांगता येणार नाही. मी म्हशींकडं बघत होतो. माणूस एकेकीची पाठ विटेनं घासत होता.

मग मागून माझ्या पोटऱ्यांवर ओली वाळू येऊन आदळली. पुन्हा आदळली. कुत्री मोकळी झाली की मागच्या पायांनी उडवतात तशी, जोरजोरात.